मुखियाचं कासव

रातू मेलीने देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून पुढे केला, तेव्हा इनोकेला वाटलं, आत्ता खोकल्याची जोरदार उबळ यावी. आली नाही. त्याने दात घेतला. दात घेतला म्हणजे मागणी मान्य. नाइकोरो गावात यावर अपील नाही.

मागणी जुनीच. मुखिया वारला की इनोकेच्या घराण्याने समुद्रातून कासव आणायचं आणि मुखियाच्या दिवसकार्याच्या जेवणाला पहिल्या रांगेत बसायचं. फक्त मधल्या काळात राजधानीतून, सुवाहून आलेल्या एका बाईंनी निळा शर्ट देऊन त्याला कासवांचा राखणदार केलं होतं. अंडी घालणाऱ्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, असं त्या सांगायच्या. गाव मान डोलवायचं. समुद्र एवढा थोरला. बोटं त्या बाईंची.

"तुझ्या खाडीत एक आहे म्हणे, पट्टीवाली," मेली म्हणाला. गेलेल्या मुखियाचा तो धाकटा भाऊ, म्हणून मानाने रातू. "सबंध समुद्रातून एक मागतोय. एकाने काय संपतं?"

"मोजणीची ती पट्टी मीच मारलीय, रातू."

"मग ओळखीचीच निघाली. आणि आमचा मुखियाही एकच होता बाबा. त्याला मोजायला कोण आलं सुवाहून?"

दुपारभर इनोके होडीपर्यंत गेला नि परत आला. जाळं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"बसायचं तर बसा, जायचं तर जा," बायको लोसालिनी म्हणाली. "दारात उभं राहून माश्या आत घेऊ नका."

"बाबा ढिगाने आणायचे. कुणी मोजत नव्हतं. मोजायला लागल्यापासून एक हा आकडा फार जड झालाय गं."

"मग तोच वाढा रातूंच्या ताटात."

पहाटे तो खाडीत गेला. कासवी वर आली, सुस्कारा सोडून होडीपाशीच तरंगत राहिली. इतक्या वर्षांत तिला त्याची भीती उरली नव्हती. मारणाऱ्याला याहून मोठी सोय नसते. जाळं कोरडंच घेऊन तो परतला.

मेलीसमोर त्याने तो दात परत ठेवला. त्यावर माफीसाठी आपल्या घरचा, आईच्या लग्नातला दात ठेवला. मागे लेकीच्या लग्नासाठी राखलेला डुक्कर बांधला होता. मेलीने सगळं ठेवून घेतलं.

दिवसाच्या जेवणाला पहिल्या रांगेत मेलीचे मेहुणे बसले. इनोकेची जागा दाराशी निघाली, चपलांजवळ. यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची करवंटी मानाप्रमाणे फिरत फिरत त्याच्याकडे सर्वांत शेवटी आली. तळाचा गाळ होता. रीतीप्रमाणे त्याने एकदा टाळी वाजवली, सगळं पिऊन टाकलं आणि तीनदा टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून वाजवायचा तशाच.