तळणीच्या तेलाच्या डब्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आंघोळीचा मला भारी तिटकारा आहे. हसू नका, आधी ऐकून तर घ्या!

ताज्या तेलाने गच्च भरून मी एका खानावळीत आलो. तेल संपलं तशी माझी रवानगी मागच्या दारी झाली. मग माझ्यात तळणीचं काळं, जळकं तेल साठू लागलं. इंधनाच्या कारखान्याचा गाडीवाला दर आठवड्याला येऊन ते ओतून न्यायचा आणि त्याचं डिझेल व्हायचं. माझ्या पोटातल्या तेलावर ट्रक धावतात म्हटल्यावर माझी छाती फुगणारच!

खानावळ दोघी जावांची. थोरली रांधायची, धाकटी वाढायची. पूर्वी त्या हे तेल मोरीत ओतत. एकदा मोरी तुंबून खालच्या शिंप्याच्या दुकानात घाण पाणी शिरलं, तेव्हा घरमालकाने बजावलं, पुन्हा असं झालं तर खानावळीला कुलूप. तेव्हापासून सगळी भिस्त माझ्यावर.

पण थोरलीला स्वच्छतेचं भलतं वेड. परक्या माणसापुढे घाणेरडा डबा ठेवायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. मी रिकामा झालो रे झालो की ती मला गरम पाण्याने खसखसून घासायची आणि घाईघाईत, न निथळवताच, माझ्यात तेल ओतायची. पाणी बसायचं तळाशी.

गाडीवाल्याने दोनदा तेल नाकारलं. यात पाणी आहे म्हणाला. थोरली खवळली, माझ्या तेलात पाणी कुठून येईल म्हणाली आणि तिने मला आणखी जोरात घासून बाहेरून लख्ख केलं. मी काठोकाठ भरलेला, तळण चालूच. आता मोरीशिवाय जागा उरली नव्हती. अहो बाई, घासणं थांबवा, असं मी मनातल्या मनात किती ओरडलो! पण डब्याचं कोण ऐकतं?

तिसऱ्या खेपेला गाडीवाला वाद घालत बसला नाही. नळी बुडवून त्याने माझ्या तळातलं थोडं काढलं आणि म्हणाला, "काकू, हे जरा तापवून बघा."

कढई तापली आणि तडतड तडतड! थेंब थेट छतापर्यंत उडाले. ओला झारा तेलात घातला म्हणून धाकटीला थोरलीने आजवर किती बोल लावले होते! धाकटी आता छताकडे बघत राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"पाणी मीच घातलं," थोरली हळूच म्हणाली.

गाडीवाल्याला पाझर फुटला. असं पाणी गेलं की कारखान्यात डिझेलऐवजी साबणासारखा चिकटा होतो, असं त्याने समजावलं. मग वरचं तेल अलगद ओतून नेलं. खानावळ वाचली.

मित्रांनो, आता मला फक्त कोरडं फडकं लागतं. मी काळाकुट्ट आहे, चिकट आहे आणि अगदी मजेत आहे. थोरली जाता-येता माझ्याकडे बघते, तिचे हात शिवशिवतात, मग ती बादली उचलते आणि नवऱ्याची स्कूटर घासायला जाते. तुमचा कुणावर जीव असेल तर त्याची काळजी जरूर घ्या, पण त्याला काय मानवतं ते आधी विचारा. बिचाऱ्या स्कूटरला अजून कुणी विचारलेलं नाही.