शेडमागचा सातवा टायर

मी टायर बोलतोय. नाक मुरडू नका, तसं मुरडलेलं मी पुष्कळ पाहिलंय. आणि मोटारीचा नाजूक टायर नाही हं मी! खाणीतल्या डंपरचा आहे. उभा केलात तर तुमच्या डोक्याच्या वर जाईन. पण उभं करतंय कोण? बंदरातल्या शेडच्या मागे आडवा पडलोय. पोटात पाणी साचलंय आणि अंगाला पत्र्याची चिठ्ठी बांधलीय, 'पुरावा. हात लावू नये.' कुणी लावतही नाही.

साच्यातून निघालो तेव्हा अंगावर बारीक बारीक रबरी केस होते. खाणीत गेलो आणि आठवड्यात ते गळाले. माझा ड्रायव्हर रोज गाडी काढण्याआधी मला टाचेने तीनदा ठोकायचा. 'काय रे, आहेस ना?' असं विचारल्यासारखं. चार वर्षं दगड वाहिले. मग नक्षी झिजली आणि मला कडेला ढकलून दिलं. निरोप वगैरे काही नाही.

तिथून मला उचललं ते दोरमामाने. जहाज आलं की त्याचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधायचा आणि निघालं की सोडायचा, हे त्याचं काम, म्हणून दोर. आणि मामा अशासाठी, की मामा कधी कुणाला नाही म्हणतो का? पोराबाळांपासून साहेबापर्यंत, कुणी काहीही सांगो, याच्या तोंडी एकच शब्द, 'बरं.'

आम्ही एकूण सात जण. दोरमामाने आम्हाला भोकं पाडली, साखळ्या ओवल्या आणि धक्क्याच्या भिंतीवर टांगलं. जहाज आणि दगड यांच्यामध्ये चेंगरून घ्यायचं, एवढंच काम. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला नवरा पाहिलाय ना? तसं. कौतुक कुणी करत नाही, पण तो नसला की भांडी वाजतात. अकरा वर्षं मी ते केलं आणि एका जहाजाला ओरखडा येऊ दिला नाही. दोरमामा रोज सकाळी फेरी मारायचा आणि वरून वाकून साखळी हलवून बघायचा. मला दुसरं काही नको होतं.

मग बातमी आली, की पर्यटकांचं मोठं जहाज पहिल्यांदाच आपल्या धक्क्याला लागणार. झालं! जिकडे तिकडे चुना, कुंड्या, पायघड्या. जहाज यायच्या सकाळी बंदराचे मोठे साहेब आले आणि नेमके माझ्यासमोर थांबले.

"हे भंगार फोटोत येणार का?"

"साहेब, ते काढू नका," दोरमामा म्हणाला. "वारा फिरला तर जहाज थेट दगडाला लागेल."

"कॅप्टन काय शिकाऊ आहे? अरे, तासाभराचा प्रश्न आहे. फोटो झाले की लाव परत. विचार कर जरा."

दोरमामाने विचार केला असेल नसेल. खाली मान घालून म्हणाला, "बरं साहेब."

क्रेनने आम्हा सातांना उचललं आणि शेडच्या मागे नेऊन टाकलं. तिथून समुद्र दिसत नाही. आधी बॅंड ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या. मग जहाजाच्या नांगराच्या साखळ्या खळखळल्या, कुणीतरी 'वारा, वारा' असं ओरडलं आणि पाठोपाठ पत्रा फाटल्यासारखा लांबलचक आवाज आला. बॅंड मध्येच थांबला. मला काही बघायची गरजच नव्हती.

माणसं वाचली, देवाची कृपा. जहाजाची कूस मात्र फाटली. सगळ्या प्रवाशांना उतरवून शेडमध्ये बसवलं; मागच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. निघायला दोन तास लागतील असं आधी सांगितलं, मग संध्याकाळ म्हणाले, मग उद्या, मग परवा. दर घोषणेला माणसांचा रंग बदलायचा. पहिल्या तासात सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या तासात प्रत्येक जण जहाजबांधणीतला जाणकार झाला. एका गृहस्थाने तर कॅप्टनचं कुठे चुकलं ते चपला मांडून दाखवलं! नंतर चपलाही सापडेनात आणि श्रोतेही. दुपारी भांडणं झाली आणि मग सगळे गप्प झाले. इतकी माणसं एका जागी गप्प बसली की फार वाईट वाटतं.

गर्दीला कंटाळून एक बाई शेडच्या मागे आल्या. वय सत्तरीचं, हातात कापडी पिशवी. माझ्यावर रुमाल अंथरून बसल्या. मी डंपर पेलले होते, पण असं विचारपूस केल्यासारखं माझ्यावर कुणी बसलं नव्हतं. तेवढ्यात दोरमामाही तिथे आला, बहुधा तोंड लपवायला.

"माझ्या भाचीचं लग्न आहे उद्या सकाळी, पुढच्या बंदरात," बाई त्याला म्हणाल्या. "तिची आई गेल्यापासून मीच वाढवलं तिला. रस्त्याने जायचं तर दोन दिवस. आता फोनवर म्हणते, मावशी, थांबते मी. मी म्हटलं, खुळी का तू? मुहूर्त का थांबतो?" मग पिशवी घट्ट धरून म्हणाल्या, "ज्याच्या हलगर्जीपणाने हे झालं ना, त्याला आणून उभा करा माझ्यासमोर."

दोरमामा उभाच होता. "मीच तो," म्हणाला. "तुम्ही बसलात ना, तो टायर तिथे भिंतीवर असायला हवा होता. मी काढला."

त्याने सगळं सांगितलं. बाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्याही होत्या, पण विचारलं भलतंच.

"काढू नका, असं किती वेळा म्हणालात?"

"एकदा."

"हं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पोर नाही म्हणालं, की मी म्हणायचे, पुन्हा विचार कर. दुसऱ्यांदा ते मुकाट हो म्हणायचं. किती शहाणं पोर, असं वाटायचं मला." त्यांनी डोळे पुसले. "दुसऱ्यांदा नाही म्हणायला आम्ही कुणाला शिकवलंच नाही हो."

संध्याकाळी चौकशी अधिकारी आम्हा टायरांना बघायला आले. साहेब म्हणाले, "सफाई करायची म्हणून यानेच काढले. ही माणसं विचारतात कुठे?" सगळे दोरमामाकडे बघायला लागले. तो अळीमिळी गुपचिळी. बाई तेवढ्यात पुढे झाल्या, "अहो, पण यांनी मला सांगितलंय..." अधिकारी म्हणाले, "आपण प्रवासी आहात ना? मग आत बसा." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दोरमामाला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. माझे सहा भाऊ त्याच दिवशी भिंतीवर परत गेले. पुरावा म्हणून एक ठेवायला हवा होता, आणि शेडच्या मागच्या दाराजवळ नेमका मी होतो.

तिसऱ्या दिवशी जहाज गेलं. बाईंचा रुमाल माझ्यावरच राहिला आणि वाऱ्याने उडून गेला.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. पलीकडे जहाज लागलं की भाऊ करकरतात, ते मला ऐकू येतं. पुरावा म्हणे! पण पुराव्याला कधी कुणी काही विचारलं? मला इतकं एकटं खाणीच्या कडेलाही वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी दोरमामा आला. वाळला होता. हातात कागद होता. माझ्यावर बसून त्याने तो मोठ्याने वाचला, 'टायर मी माझ्या मनाने काढले.' खाली सही केली की त्याला समज देऊन कामावर घेणार होते. फाईल बंद होणार होती. म्हणजे माझी चिठ्ठी सुटणार होती आणि मला भिंतीवर टांगणार होता तोच.

त्याने कागदाची घडी घातली. मग एकदम म्हणाला, "नाही साहेब." आवाज चिरकला. खाकरून पुन्हा म्हणाला, "नाही साहेब." साठीला आलेला माणूस शाळेतल्या पोरासारखी उजळणी करत होता.

खरं सांगू? मला वाटत होतं, बाबा रे, म्हण एकदा बरं! आयुष्यभर म्हणालास, आजच कशाला शहाणपण? कर सही आणि ने मला इथून. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं.

तो शेडमधल्या साहेबांच्या खोलीत गेला. खिडकी उघडी होती.

"नाही साहेब," त्याचा आवाज आला. "काढले मीच, पण सांगितलं तुम्ही."

"पुन्हा विचार कर."

मी वाट बघत होतो. याच जागी तो नेहमी मोडायचा.

"केला साहेब. नाही."

बाहेर आला तेव्हा हातात कागद नव्हता आणि नोकरीही नव्हती. माझ्यापाशी थांबला, टाचेने तीनदा ठोकलं आणि फाटकाकडे चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. बघितलं नाही तेच बरं झालं.

फाईल अजून उघडी आहे, त्यामुळे चिठ्ठीही तशीच आहे. त्याने सही केली असती तर आज मी समुद्राकडे तोंड करून टांगलेला असतो. तरी सांगतो, तो दुसरा 'नाही' ऐकायला मी जवळ होतो, हे बरं झालं.

तुम्ही कधी या बंदरात अडकलात, घोषणा ऐकून कंटाळलात, तर शेडच्या मागे या. चिठ्ठीकडे बघू नका, खुशाल बसा. आणि उठताना टाचेने तीनदा ठोका. मी आहे अजून.