दोरीवरचे गणवेश

इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बाईला लहानथोर सगळे मावशीच म्हणत. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनाही ती सोडायची नाही. लढाई जवळ आली तसा वॉर्डाच्या भिंतीवर एक कागद लागला: जखमी, कैदी, डॉक्टर, नर्स, साधे नागरिक, यांच्यावर हल्ला करता येत नाही. मावशीनं तो सावकाश वाचला.

"डॉक्टर, लॉन्ड्रीवाला यात येतो का हो?"

"येतो की. साधा नागरिकच तो."

"मग माझा भाऊ कसा गेला?"

पुलाजवळ तिच्या धाकट्या भावाची लॉन्ड्री होती. एका बॉम्बमध्ये तीही गेली आणि तोही. का, ते कुणालाच कळलं नव्हतं.

पुढं वीज गेली आणि कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं. जखमी सैनिकांचे धुतलेले गणवेश तळघरात कुबट वास मारायला लागले, तेव्हा मावशीनं ते गच्चीवर वाळत घातले. गच्चीवर मोठा लाल क्रॉस रंगवलेला होता. त्यावर एक बाहीसुद्धा येऊ नये म्हणून तिनं दोऱ्या कडेकडेनं बांधल्या आणि स्वतःवरच खूश होऊन खाली आली.

खिडकीजवळच्या खाटेवर शत्रूच्या सैन्यातला एक जखमी कैदी होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. तिची रिकामी बादली पाहून त्यानं विचारलं, "मावशी, कपडे कुठं वाळत घातलेत?"

"तुझ्या डोक्यावर. गच्चीत."

त्याचा चेहरा पडला. "काढा ते. आत्ताच्या आत्ता. वरून क्रॉस दिसतो, पण आमची माणसं विमानातून गणवेश मोजतात. इतके गणवेश म्हणजे छावणीच, क्रॉस नुसता दाखवायला, असं कळवतील."

"तुला रे काय ठाऊक?"

"मोजायचं काम माझंच होतं. पुलाजवळच्या एका घरावरचे मोजले होते. गच्चीवर निळी टाकी होती. ती लॉन्ड्री होती, हे मागाहून कळलं."

निळी टाकी मावशीनंच भावाला घेऊन दिली होती.

पण वॉर्ड माणसांनी भरलेला होता. कठड्याला धरधरून ती जिना चढली आणि ओले गणवेश ओरबाडून काढत सुटली. शेवटचा शर्ट काखोटीला मारते न मारते तोच टेहळणीचं विमान आलं, वर घिरट्या घालत राहिलं आणि निघून गेलं.

ती खाली आली तेव्हा कैदी पाणी मागत होता. त्याला कुणीतरी पाजावं लागायचं, आणि नर्स दुसऱ्या टोकाला अडकलेली. मावशी पेला घेऊन नुसती उभी राहिली. हा असाच तडफडून मरावा, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "तिथं तुमचं कोण होतं?"

"येतो तो त्या कागदात," मावशी म्हणाली. "लॉन्ड्रीवाला. मी विचारून घेतलंय."

मग तिनं त्याची मान उचलून धरली आणि पेला ओठांना लावला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं, आणि ती चादर तिलाच धुवायची होती.