चोळीबांगडीचा उतार

बबनराव हैदराबादेहून परतले ते डोक्यात बंगला घेऊनच. तिथल्या मुशी नदीच्या महापुराला चार वर्षं झाली होती. तिथं नवी घरं उठत होती, काचेच्या खिडक्यांची, गच्चीची. तसंच घर धारूरच्या खाली नदीच्या उतारावर बांधायचं, असं त्यांनी ठरवलं. अडचण एवढीच, की उतार त्यांचा नव्हता. वडिलांनी तो थोरल्या लेकीला, बायनाबाईला, चोळीबांगडीसाठी दिलेला. विधवा होऊन ती माहेरी आली त्याला अकरा पावसाळे झाले होते, आणि अकराही तिनं माजघराच्या दाराआड, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांशी झोपून काढले होते.

"नदीकडं खिडकी असलेली खोली मला. आतून कडी. खोली दिसली की कागदावर अंगठा," तिनं सांगितलं.

बबनराव लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस बायनाबाईला कधी खरा वाटला नव्हता. पण हा भाऊ होता.

आखणीच्या दिवशी शहादेव गवंडी उतारावर साखळी आडवी, हवेत धरून मापायला लागला. बबनराव वरून ओरडले, "वर कावून धरतो बे? घर हवेत बांधायचंय का जमिनीवर?"

शहादेवनं एकदा मालकाकडं पाहिलं, एकदा उताराकडं, आणि साखळी मातीला चिकटवली. मालकाला शिकवणाऱ्या गवंड्याला दुसऱ्या दिवशी कुणी बोलवत नाही, हे त्याला पाठ होतं. चुन्याच्या रेघांत पाच खोल्या पडल्या. शेवटची अगदी कड्याशी. बायनाबाई तिच्यात जाऊन पाय पसरून बसली. कुणाला वाट द्यायला पाय आखडावे लागले नाहीत.

आठ दिवसांनी खुंट्या ठोकून, पाणसळ लावून सुतळी सपाट ताणली, तेव्हा घर पाच हात आखडलं. उतारावर मापलेलं सपाटीवर तेवढं भरत नाही. पुढं सरकावं तर कडा, खाली पाणी.

नेमक्या त्याच सकाळी पटवारी बंकटराव उतार बबनरावांच्या नावे करायचा कागद घेऊन आले होते.

"एक खोली कमी पडती, मालक," शहादेव म्हणाला. "कोणती काढू?"

बायनाबाई एकेकाचं तोंड बघत राहिली. दिवाणखाना तहसीलदारसाहेबांसाठी, त्याला कोण हात लावणार? झोपायची खोली नवराबायकोची. मग स्वैपाकघर, मग ज्वारीची कोठी. भावजय सत्यभामा उतरताना नणंदेचा हात धरून आली होती. तिनं तो हात आता हळूच सोडला. "वन्संला अशी किती जागा लागती!"

"आक्काची खोली जात न्हाई," बबनराव म्हणाले. "जोत्याखाली पोकळी राहतीच की. तिथं बांध ती. खिडकी थेट नदीवर! लई गार."

"त्या काळ्या दगडापस्तोर पाणी आलतं, मालक," शहादेव पुटपुटला. काळा दगड पोकळीच्या वर होता.

"पूर काय रोज येतो का बे?"

हैदराबादेत झाडांवर चढून बसलेली माणसं कशी झाडांसकट वाहून गेली, हे जेवताना रंगवून सांगणारे बबनराव ते हेच.

बंकटरावांनी बायनाबाईचा अंगठा शाईत दाबला. कागदाशी नेताना तिनं हात थांबवला.

"बबन, कोठी खाली घे. मी वर राहते. जमंल?"

"येडी का काय, आक्का? ज्वारी भिजंल ना!"

बोलणं तोंडातून गेलं आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. सत्यभामा नदीकडं बघायला लागली. बंकटरावांना एकाएकी कागद वाचावासा वाटला.

बायनाबाईनं अंगठा खुंटीवर पुसला. खुंटी काळी झाली, अंगठा मात्र साफ झाला नाही.

"कागद घेऊन जा, बंकटराव."

"आन् राहशील कुठं?" बबनरावांचा आवाज चढला. "सांग ना! राहशील कुठं?"

"हाय तिथंच. दाराआड."

"माझ्याच दाराआड!"

"व्हय. तुज्याच."

बबनराव चढ चढून गेले, त्यांच्यामागं सत्यभामा, मागं वळून न बघता. बायनाबाई गवताला धरून धरून एकटीच वर निघाली. आज ताटात काय पडेल आणि अंथरूण कुठं टाकलेलं असेल, याचा तिला अंदाज होता. अर्ध्या चढावर ती दम खायला थांबली. खाली शहादेव सुतळी गुंडाळत होता.

"आक्का, चुना पुसू का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पाऊस पुसंल."

आणि पाऊस यायला अजून दोन महिने होते.