नेटलकोटच्या घंटेचे ठोके

माझा भाऊ क्लेमंट, आमच्या चर्चची घंटा वाजवणारा, हट्टाला पेटला की त्याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यानं मला चहा पिता पिता सांगून टाकलं, "ती पाद्रीबाई ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी नेटलकोटचं चर्च सोडणार. तिच्या हातात घंटेचा दोर देईन आणि चालू लागेन. रविवारी लडफर्डला जाईन."

इंग्लंडात बायकांना पाद्री होऊ देऊन दोनच वर्षं झाली होती, आणि लडफर्डच्या चर्चनं बाई नको असा ठराव केला होता. गाव सात मैलांवर, आणि क्लेमंटला डाव्या डोळ्यानं धड दिसत नाही.

"जा की," मी म्हणाले. "वाटेत एखाद्या मेंढीला धडकलास तर मला फोन करू नकोस."

बोलले खरी, पण त्यानं जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी लग्न केलं नाही, त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली. लहानपणापासून आम्ही दोघं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत आलो. तो बेसूर गातो, मी त्याला कोपर मारते. एवढंच आमचं कुटुंब उरलं होतं आणि तो ते लडफर्डला घेऊन निघाला होता.

त्या आठवड्यात मी चर्चच्या देवडीत फुलं लावत होते. तिथं भिंतीवर आमच्या सगळ्या पाद्रींची नावं रंगवलेली आहेत, पार रोमच्या पोपची सत्ता होती तेव्हापासूनची. क्लेमंट दाराच्या बिजागऱ्यांना तेल देत होता. मी मुद्दामच एका नावावर बोट ठेवलं.

"हा बघ, रॉबर्ट टोल्हर्स्ट. आठव्या हेन्रीनं पोपशी काडीमोड घेतला, तेव्हा हाच इथं होता. हेन्रीच्या पोरानं प्रार्थना इंग्रजीत आणली, यानं इंग्रजीत म्हटली. मेरी राणीनं परत लॅटिन आणली, यानं लॅटिनमध्ये म्हटली. एलिझाबेथ आली, पुन्हा इंग्रजी. गडी जागचा हलला नाही."

"त्याला कणा नव्हता."

"त्याला गाव होतं, क्लेम."

"त्या दिवसांत लोकांनी धर्मासाठी माना दिल्या," तो म्हणाला. "मी नुसता बाक सोडतोय. त्याचाही तुला त्रास?"

"हो, मला त्रास!" मी ओरडले आणि डेलियाचा एक चांगला देठ मोडून ठेवला.

नेमणुकीचा दिवस उजाडला. मेरिएल हॉब्डे ही उंच, जरा वाकून चालणारी बाई, आधी शाळेत गणित शिकवायची. बिशपांनी तिला गाव सोपवलं. मग त्यांच्या सहायकानं तिचा हात धरून चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवला, आणि ती घंटेपाशी गेली. नवा पाद्री स्वतःच्या हातानं घंटा वाजवतो आणि जितके ठोके पडतील तितकी वर्षं तो टिकतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. बिशप हसतात, पण मनातल्या मनात तेही मोजतात. आधीचा पाद्री घाईत दोन ठोके देऊन चहाकडे वळला होता. दोन वर्षं भरताच त्यानं गाव सोडलं, आणि नंतर दोन वर्षं आम्हाला कुणी मिळालंच नाही.

क्लेमंटनं ठरल्याप्रमाणे दोर तिच्या हातात दिला, टोपी डोक्यावर घातली आणि दाराकडे निघाला.

बाईंनी दोर ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. वर काहीतरी करकरलं, तेवढंच. आमची घंटा जड आहे. दोर ओढला की हात वर जाऊ द्यावे लागतात, म्हणजे ती झुलते. बाईंनी तो घट्ट आवळून धरला होता. प्रत्येक नव्या पाद्रीला आदल्या दिवशी क्लेमंट हे शिकवतो. या खेपेला तो फिरकलाच नव्हता.

कुणीतरी मागे पुटपुटलं, "शून्य." बाईंचे कान लाल झाले. मला त्यांची दया आली आणि भावाचा असा राग आला की काय सांगू.

क्लेमंट दारात थांबला होता. तो वळला. त्याचा चेहरा पडला होता. बाईंसाठी की घंटेसाठी, देव जाणे. तो तरातरा परत आला आणि त्यानं बाईंच्या हातांच्या वर आपले हात ठेवले.

"ओढा. आता सोडा. अहो सोडा, ती पळून नाही जायची!"

ठण्णकन पहिला ठोका पडला. लोकांनी श्वास सोडला.

"वय काय तुमचं?" क्लेमंटनं विचारलं. बिशपांसमोर, भर चर्चमध्ये!

"बावन्न," बाई दबकत म्हणाल्या.

"सत्तरीला तुम्हा पाद्रींना घरी पाठवतात. ओढा."

पाच ठोके झाले. सात झाले. बिशप घड्याळाकडे बघायला लागले. दहाच्या पुढे क्लेमंटला धाप लागली, तो ऐंशीचा होता. बाई म्हणाल्या, "पुरे हो आता." तो म्हणाला, "गणित तुमचं ना? मग मोजा." अठरावा ठोका पडेपर्यंत त्यानं दोर सोडला नाही.

मग त्यानं दोर खुंटीला बांधला, टोपी काढली आणि तिसऱ्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"सरक."

मी सरकले. तो धापा टाकत बसला.

"तिच्या हातची प्रभुभोजनाची भाकर मी खाणार नाही," तो माझ्या कानात म्हणाला.

"नको खाऊस."

"माझं मत बदललेलं नाही."

"बरं."

"पण ठोके मी वाजवलेत. आता ती टिकते की नाही, बघायला कुणीतरी इथं हवं ना?"

मला रडू फुटलं.

"हेस्टर, आवर. बिशप बघताहेत."

"बघू देत," मी म्हणाले, आणि त्याला कोपर मारलं.