दोन विषाणू आणि सिंधुबाईंचा टोमॅटो

२००३ साली निफाडजवळ सिंधुबाईंच्या टोमॅटोची पानं मुरडली, फुलं गळाली. औषधं फवारूनही उपयोग होईना. शेवटी नाशिकहून आलेली तरुण संशोधक वैष्णवी पानं तपासायला घेऊन गेली आणि निकाल सांगायला स्वतः परत आली.

“मावशी, दोन वेगवेगळे विषाणू एकाच झाडात शिरले. त्यांनी आपसात जनुकांचे तुकडे बदलले आणि टोमॅटोत जोमानं वाढणारा नवाच विषाणू तयार झाला. पांढरी माशी तो पसरवते. झाडं उपटावी लागतील.”

“समदी?”

“हो. मी पण येते.”

दोघी संध्याकाळपर्यंत झाडं उपटत राहिल्या.

पुढच्या हंगामात सिंधुबाईंनी माशी शिरू नये म्हणून जाळीखाली वाढवलेली निरोगी रोपं लावली आणि झाडं फळांनी वाकली. टोमॅटोची पहिली पाटी घेऊन त्या एसटीनं थेट वैष्णवीकडे गेल्या.

“औषध सांगणारे लय आले, पोरी. माझ्यासंगं वाफ्यात तूच उतरलीस.”