मांडी नावाचं गिऱ्हाईक

माझ्या रक्तातली साखर वाढली आणि घरात मी चोर ठरलो. बायको म्हणाली, "अहो, साखर काय हवेतून येते? चोरून खाताय, कबूल करा." आयुष्यभर कपडे शिवले, कुणाच्या मापात अर्धा इंच इकडचा तिकडे केला नाही, आणि म्हातारपणी हा मान! तिनं माझे खिसे तपासले, दुकानातल्या बटणांच्या डब्यांत हात घातला. सापडलं काय, तर बटणं. तरी शेजारणीला सांगितलंच, "यांच्या शब्दावर माझा विश्वास राहिला नाही." ते मात्र मला फार लागलं.

खाणं तेच, तेवढंच. मग साखर आली कुठून? हा किडा माझ्याही डोक्यात वळवळायला लागला. भाची दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवते, तिला गाठलं.

"मामा, प्रश्नच उलटा आहे," ती म्हणाली. "साखर येते कुठून ते सोडा, जात का नाही ते बघा. जेवणानंतर साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. इन्शुलिन त्यांचं दार वाजवतं. वय झालं की स्नायू घटतात, आणि उरलेले दार लवकर उघडत नाहीत. पण कामाला जुंपले, तर आपणहून साखर ओढून घेतात. तुम्ही हल्ली पाय कधी हलवता?"

मुलानं मायेनं शिलाई मशीनला मोटर बसवून दिली होती. तेव्हापासून मांड्या पेन्शनीत निघाल्या होत्या.

मग प्रयोगच केला. एका दुपारी जेवून मोटरवर शिवलं. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, पण मशीनला पायट्याचा जुना पट्टा चढवून पायानं शिवलं. मोजणी भाचीची, पहारा बायकोचा. ती माझ्या तोंडावरची नजर हलवेना. पायानं शिवलं त्या दिवशी आकडा बराच खाली आला.

"एका मोजणीवर नाचू नका, गोळ्या चालूच ठेवा," भाची म्हणाली. मी नाचलो नाही, फक्त बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे खरंच खात नव्हता," ती पुटपुटली. मग बोट पुढे केलं. "माझीही बघ गं."

तिचा आकडा माझ्याहून वर निघाला. तिनं यंत्र हातात घेऊन तो पुन्हा वाचला. "पण मी तर गोडाला शिवतही नाही," ती म्हणाली.

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. कितीतरी दिवस त्याला धार लावून ठेवली होती. पण तिचं तोंड पाहून मीच घाबरलो.

"माझा विश्वास आहे," मी म्हणालो, आणि स्टुलावरून उठून तिला मशीनपाशी बसवलं.